पाटीवरचा उलटा बैल

"जमादारसाहेब, तुमच्या पाटीवरचा बैल उलटा का चालतो?"

हा प्रश्न मनकर्णा नावाच्या मुलीनं भररस्त्यात विचारला होता, आणि तोही मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. प्रश्न जमादारांना होता, पण बैल माझ्या अंगावरचा होता, तेव्हा उत्तर द्यायचा पहिला हक्क माझाच. जमादारांनी त्या दिवशी जे उत्तर दिलं त्यावर सगळा रस्ता हसला. खरं उत्तर सापडायला मात्र बांगड्यांची एक गाडी फुटावी लागली आणि एका भल्या माणसाची भाकरी पणाला लागावी लागली.

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. शाळेत तुम्ही मांडीवर घेता ती दगडी पाटी नव्हे. ती माझी लांबची बहीण. तिच्यावरचं ओल्या बोटानं पुसता येतं, माझ्यावरचं येत नाही. मी रस्त्यावरची पाटी. औरंगाबाद शहराच्या कोटाला बावन्न दरवाजे आहेत म्हणतात, त्यांतल्या एका धाकट्या दरवाजाशी माझं सगळं आयुष्य गेलं. त्याचं दफ्तरातलं नाव मोठं भारदस्त होतं, पण गाडीवाले त्याला तंग दरवाजाच म्हणत. हत्तीसाठी बांधलेले दरवाजे वेगळे. हा ज्यानं बांधला त्यानं बहुधा स्वतःच्या बारीक अंगाचं माप घेतलं असावं. एक बैलगाडी आत शिरली की दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरायची, आणि त्या वीतभर जागेतूनही सायकलवाले घुसायचे.

माझा जन्म गुलमंडीतल्या सरदारमियां पेंटरांच्या दुकानात झाला. त्याआधी मी कुठल्याशा छपराचा पत्रा होते असं ऐकते. मला आठवत नाही, जसं तुम्हालाही पाळण्याआधीचं आठवत नाही. सरदारमियांनी मला ठोकून सपाट केलं, माझ्या कडा दुमडल्या, सागाच्या चौकटीत बसवलं आणि पांढऱ्या रंगाचे हात दिले. मग चहा पीत ते बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. मला वाटलं, आता माझ्यावर नाटकातला राजा येणार, नाहीतर निदान साबणाच्या वेष्टनावर असते तशी एखादी हसरी बाई. आला तो बैल.

त्याचं असं झालं होतं की रहदारीच्या दफ्तरातून हुकूम आला होता. शहरात टांगे वाढले होते, सायकली वाढल्या होत्या, बाजाराच्या दिवशी खेड्यांतून गाड्यांची रांगच रांग लागे, आणि रहदारी आवरणारे जमादार मात्र मोजके. त्या दफ्तराचं काम तुम्हाला वाटतं तितकं रुक्ष नव्हतं हं. टांगेवाल्यानं दंडाला पितळी बिल्ला बांधलाय का, घोड्याच्या पाठीला जखम तर नाही, टांगे अड्ड्यावरच उभे आहेत का, सांज झाली की सायकलीला दिवा आहे का, हे सगळं तिथलेच लोक बघत. दिवा नसला तर चाकातली हवा सोडून देत, की स्वार मुकाट्यानं सायकल ढकलत घरी. टांगा भररस्त्यात उभा केला तर त्याची गादीच काढून चौकीत नेऊन ठेवत. लाकडावर कोण बसणार? थोड्या वेळात टांगेवाला चौकीच्या पायरीवर हात जोडून हजर.

तंग दरवाजासाठी दफ्तरानं केलेला नियम एका ओळीचा होता. शहरातून बाहेर येणाऱ्यांना आधी येऊ द्यायचं, मग बाहेरच्यांनी आत जायचं. कारणही सोपं. आतली गल्ली अरुंद, तिथं गाड्या तुंबल्या तर वळायला जागा नाही. बाहेर मात्र मोकळं मैदान, हवं तितकं थांबा. सरदारमियांनी ती ओळ उर्दूत लिहिली, कारण दफ्तराचा सगळा कारभारच उर्दूत: पहले बाहर, फिर अंदर. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ओळीच्या वर शेजारी शेजारी दोन चित्रं काढली. उजवीकडे दरवाजातून बाहेर येणारा टांगा. डावीकडे दरवाजातून आत जाणारी बैलगाडी. घोडा आणि बैल दोघांचीही तोंडं डावीकडे.

हे नीट ध्यानात ठेवा. हवं तर बोटानं हवेत काढून बघा. सगळा घोळ इथंच आहे.

माझ्याबरोबर सरदारमियांनी हुबेहूब माझ्यासारखी एक बहीणही रंगवली. मला दरवाजाच्या बाहेरच्या अंगाला ठोकलं, तिला आतल्या. मधे जाडजूड भिंत. तिच्यासमोरून निघालेल्या टांग्याची घंटा मला ऐकू यायची, पण ती स्वतः कशी दिसते ते मी हळूहळू विसरून चालले होते.

पहिली काही वर्षं माझी फार मजेत गेली. माझ्याखाली फारूख जमादार उभे राहत. उंच माणूस, आणि मिशा अशा दाट की शिट्टी तोंडात धरली तरी दिसायची नाही, आवाज मिशांतूनच निघतोय असं वाटायचं. ते दरवाजाच्या तोंडाशी, पण जरासे एका बाजूला उभे राहत, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही गाडीवानांचे डोळे त्यांना दिसत. "पहले आँख मिलाओ, फिर हात दिखाओ," असं ते नव्या जवानांना शिकवत. त्यांचा हात आडवा झाला की बाहेरचे थांबत. हात वळला की निघत. गारखेड्याच्या भाजीच्या गाड्या त्यांना राम राम घालत, आणि ते म्हणत, "राम राम, राम राम, जरा दम धरो."

मी वर ऐटीत. मला वाटायचं, हा सगळा रस्ता माझ्याच जोरावर चाललाय. कौतुकही होत होतं ना. गारखेड्याचे म्हातारे गाडीवान सांडूबाबा तर मला बघून आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारत आणि त्याला सांगत, "बघ रे ढवळ्या, सरकारनं तुझी तसबीर लावली हाय. पैला मान तुझा."

त्या "पैला मान" शब्दाकडे कुणीच लक्ष दिलं नाही. मीसुद्धा नाही. कौतुक चाललेलं असताना शब्द तपासत कोण बसतं?

रोज सकाळी पुंजारामचा टांगा माझ्याखाली येऊन थांबे. पुंजारामही गारखेड्याचाच. तो गावातून मनकर्णाला घेई, वाटेवरच्या वस्तीतून रईसा आणि बिल्किस या दोघी बहिणींना घेई आणि तिघींना शहरातल्या मुलींच्या शाळेत पोचवी. टांग्याच्या मागच्या बाजूला मुलींसाठी पडदा बांधलेला. मुली मला दिसत नसत. तीन आवाज ऐकू येत, आणि पडद्याच्या फटीत एक डोळा दिसे. तो डोळा मनकर्णाचा.

मनकर्णा घरी वडिलांकडून, काकासाहेबांकडून, मराठी वाचायला शिकली होती आणि त्या वर्षी शाळेत उर्दू वाचायला लागली होती. नव्यानं वाचायला लागलेलं माणूस कसं असतं ठाऊक आहे ना? त्याच्या तावडीतून वाण्याची पुडीसुद्धा सुटत नाही. ती रोज माझी ओळ अडखळत वाचे आणि आतून रईसाचं हसू ऐकू येई. एके दिवशी तिनं ती ओळ एका दमात वाचली, आणि मग ती इतकी खूश झाली की तिनं माझ्या चित्रांचीही परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

"तो बैल बघ की गं. उलटा चाललाय."

"बैल बराबर चाललाय," बिल्किस म्हणाली. "तुझंच डोकं उलटं हाय."

"मी सांगते ना. मागं मागं चाललाय."

"मंग जमादाराला विचार जाऊन. हिंमत हाय का?"

"त्यात काय हिंमत लागती?"

"मंग उतर," रईसा म्हणाली. "नाय विचारलं तर आठवडाभर माझी दौत तू भरायची."

पडदा सरकला आणि मनकर्णा खाली उतरली. पुंजारामनं मान वळवली. "अगं बाई, कुठं निघालीस? काकासाहेब मला झोडतील." पण ती सरळ फारूख जमादारांपुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं तो प्रश्न विचारला.

जमादारांनी शिट्टी मिशांतून बाहेर काढली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"बेटी, वो सरकारी बैल है," ते म्हणाले. "सरकार जिधर बोलती, उधर चलता."

सांडूबाबा इतके हसले की त्यांच्या चंचीतली तंबाखू सांडली. मनकर्णाही हसली. पण टांग्यात चढताना तिनं वळून माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, गणिताचं उत्तर जुळलं नाही की फळ्याकडे बघतात तसं.

पुढं काय झालं, तंग दरवाजाशी आता पाटी आहे, लोकांना सवय झाली आहे, तिथं जमादार कशाला अडकवून ठेवायचा, असं दफ्तरानं ठरवलं. फारूख जमादारांना सकाळच्या वेळी दुसऱ्या चौकात धाडलं. जाताना त्यांनी आपल्या रुमालानं माझी धूळ पुसली. "अब तूच जमादार," ते मला म्हणाले. मी फुगून चौकटीतून बाहेर यायची बाकी राहिले.

पण मित्रांनो, आजवर मला बघून कुणी चाललंच नव्हतं. लोक जमादारांच्या हाताकडे बघून चालत होते. हात गेला, आणि लोक पहिल्यांदा खरोखर माझ्याकडे बघायला लागले. बाहेरचे गाडीवान म्हणत, पाटीपरमानं आमी आधी. आतले टांगेवाले म्हणत, पाटी के हिसाब से हम पहले. रोज दरवाजाच्या पोटात बैलाचं तोंड आणि घोड्याचं तोंड समोरासमोर. "पाटी वाच की," हा ओरडे. "तूच वाच," तो ओरडे. दोघांचीही बोटं माझ्याकडे. खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि तरीही वाट कुणालाच मिळत नव्हती. मला काही उमजेना.

मग तो बाजाराचा दिवस आला.

आतून इब्राहीमचाचांची गाडी निघाली होती. ते खेड्यांच्या बाजारांत बांगड्या विकत. गाडीत गवत अंथरलेलं आणि त्यावर काचेच्या बांगड्यांच्या चळती. बाहेरून पुंजारामचा टांगा आला, मुली आत, मागं गाड्यांची रांग. पुंजारामनं माझ्याकडे बघितलं आणि आपली पाळी समजून लगाम सैल सोडला. तिकडं इब्राहीमचाचांनी माझ्या बहिणीकडे बघितलं आणि बैल हाकले. दरवाजाच्या पोटात एक वळण आहे. जमादारांच्या जागेवरून दोन्हीकडचं दिसे, गाडीवानाला मात्र तिथं पोचेपर्यंत समोरचा दिसत नाही.

काच फुटल्याचा आवाज मी आधी ऐकला होता. इतक्या काचेचा नव्हता ऐकला. हिरवे, लाल, निळे तुकडे दरवाजातून घरंगळत बाहेर आले. टांग्याचा दांडा मोडला, घोड्याचा पाय कापला. तिन्ही मुली पडद्यासकट खाली आल्या. रईसाच्या कोपराला मार बसला, मनकर्णाच्या कपाळाला खोक पडली, आणि बिल्किसला काही झालं नव्हतं म्हणून सगळ्यात जास्त तीच रडली.

"आंधळा हाय का रे पुंजाराम?" इब्राहीमचाचा म्हणाले. "पाटी दिसत नाय तुला?"

"पाटी बघूनच आलो चाचा."

"मी बी पाटी बघूनच आलो."

दफ्तराचा जवान आला. त्यानं माझी उर्दू ओळ वाचली. नियम साफ होता, बाहेर येणारा आधी. म्हणजे आत शिरणारा पुंजाराम चुकला. जवानानं त्याच्या दंडावरचा बिल्ला सोडून घेतला. बिल्ला नाही म्हणजे टांगा नाही, टांगा नाही म्हणजे घोड्याला चंदी नाही आणि घरात चूल नाही. अमीनसाहेब, म्हणजे दफ्तराचे मोठे अंमलदार, जागेवर येऊन पाहणी करतील आणि बिल्ला परत द्यायचा की कायमचा काढून घ्यायचा ते ठरवतील, असं सांगून जवान गेला.

बाकीची बातमी मला सांडूबाबांच्या तोंडून कळली. रस्त्यावरच्या पाटीला बातम्यांची कमी नसते, लोक तिच्याखाली बसून बिडी ओढतात. मनकर्णाच्या वडिलांनी, काकासाहेबांनी, सांगून टाकलं होतं की पोरीची शाळा आता बस्स. रईसा आणि बिल्किसचीही बंद, कारण तिघींचा टांगा एकच. एका बिल्ल्याला एक घर आणि तीन मुलींची शाळा लटकली होती.

पाहणीच्या दिवशी दरवाजाशी ही गर्दी. पुंजाराम एका बाजूला उभा, दंड मोकळा, शेजारी पायाला पट्टी बांधलेला घोडा. काकासाहेब त्याच्यासाठी शब्द टाकायला आले होते, गावचा माणूस म्हणून. साळूबाईंना, म्हणजे मनकर्णाच्या आईला, गुलमंडीत कापड घ्यायचं होतं, म्हणून त्यांची दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, मागं उभी होती. तिच्यात साळूबाई, शेजारी कपाळाला पट्टी बांधलेली मनकर्णा, आणि वाटेत घेतलेल्या रईसा-बिल्किस. फारूख जमादारही आले होते. इब्राहीमचाचा तर होतेच.

अमीनसाहेब चष्मा लावणारे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दरवाजातून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फेरी मारली, वळणाशी थांबून पाहिलं, काठीनं रुंदी मोजली. मग माझ्यापुढं आले.

"पाटी पर क्या लिखा है, मालूम है?" त्यांनी पुंजारामला विचारलं.

"वाचता येत नाय साहेब. चित्र बघून चालतो."

"तस्वीर में भी वही है." अमीनसाहेबांनी माझ्यावर बोट टेकवलं. ओळीच्या उजव्या टोकापासून ते डावीकडे नेलं, पहले बाहर, फिर अंदर. मग तसंच चित्रांवरून फिरवलं. "ये पहली तस्वीर. टांगा बाहर. ये दूसरी. गाडी अंदर. साफ तो है."

"आमी उलटं समजलो साहेब."

"उलटं समजला, तोच तर गुन्हा," जवान म्हणाला.

अमीनसाहेबांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण नियम तो नियम. जवानानं खिशातून बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात दमणीचं छप्पर हललं.

"मनकर्णे, बस खाली," साळूबाई म्हणाल्या. "चारचौघांत काय ही तऱ्हा?"

पण ती उतरली होती. घाईत एकच चप्पल पायात आली होती. ती तशीच माझ्याखाली येऊन उभी राहिली.

"साहेब, तुमचं बोट पुन्हा ठेवा की. पहिलं चित्र कोणतं?"

अमीनसाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी उजवीकडच्या टांग्यावर बोट ठेवलं.

"आता ते तसंच राहू द्या. आबा, तुमी इकडं या."

काकासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पोटची पोर, सरकारी अंमलदारासमोर, बापाला पाटीपुढं बोलावत होती. "घरी चल," ते दातओठ खात म्हणाले. "मंग सांगतो पहिलं कोणतं ते."

"घरी येतेच हाय आबा. आधी बोट ठेवा. पहिलं चित्र कोणतं?"

पुंजारामनं काकासाहेबांपुढं हात जोडले. काकासाहेब पुढं आले, कदाचित त्याच्यासाठी, कदाचित हा तमाशा लवकर आटपावा म्हणून. त्यांनी बोट उचललं आणि ठेवलं. डावीकडच्या बैलावर.

माझ्या अंगावर दोन बोटं होती. एक या कडेला, एक त्या कडेला. दोन्ही वाचता येणाऱ्या माणसांची, दोन्ही ठाम. कुणीतरी माझे दोन्ही कान धरून मला जागं करावं तसं मला झालं.

"आबा मराठी वाचतात," मनकर्णा म्हणाली. "मराठी डावीकडून सुरू होती. साहेब उर्दू वाचतात. उर्दू उजवीकडून. मी दोन्ही वाचते, म्हणून मला तो बैल उलटा दिसायचा. पण का, ते बांगड्या फुटल्यावर उमगलं. डावीकडून निघालं की तो तोंड करून आपल्याच अंगावर येतो."

"पन पुंजाराम तर काहीच वाचत नाय," जवान म्हणाला.

"त्याला म्या सांगितलं व्हतं."

हे काकासाहेब बोलले. त्यांचं बोट अजून बैलावरच होतं.

"पाटी लागली तवा गावातल्या समद्या गाडीवानांना म्याच सांगितलं. आधी आत, मंग बाहेर. म्या चित्रं वाचून सांगितलं म्हून त्यांनी ऐकलं."

"व्हय की," सांडूबाबा मागून म्हणाले. "पैला मान बैलाचा, तुमीच म्हनला व्हता काकासाहेब. म्या तर ढवळ्याला बी सांगून ठिवलं."

लोक हसले, पण दबकत. इब्राहीमचाचा पुढं सरकले. "म्हंजे हा बी खरा अन् मी बी खरा?"

"व्हय चाचा," मनकर्णा म्हणाली.

"मंग माझ्या बांगड्या कुनी फोडल्या?"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. अमीनसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "चालान तो इस पाटी का करना पड़ेगा," ते म्हणाले. फारूख जमादार मान खाली घालून मनकर्णाला म्हणाले, "बेटी, मेरेकु उसी दिन सुनना था. मैं हँसी में टाल दिया."

अमीनसाहेबांनी बिल्ला पुंजारामच्या हातात न देता स्वतः त्याच्या दंडाला बांधला. पुंजाराम सरळ घोड्याकडे गेला आणि त्याच्या मानेत तोंड घालून उभा राहिला. काकासाहेब इब्राहीमचाचांना म्हणाले, "चाचा, औंदा संक्रांतीला गारखेड्याच्या समद्या बाया तुमच्याच हातून बांगड्या भरतील. माझ्या घरापासून सुरू करा."

आता प्रश्न उरला माझा. मराठी वाचणाऱ्यांसाठी चित्रांची अदलाबदल करावी तर उर्दूवाले चुकणार. जवान म्हणाला, दोन पाट्या लावू. जमादार म्हणाले, मग भांडणंही दोन. तेवढ्यात दमणीतून रईसाचा आवाज आला, डोकं बाहेर न काढता.

"एक के ऊपर एक रखो ना साहब. ऊपर से नीचे तो सबच पढ़ते."

ऐकलंत? इतकं सोपं होतं. उर्दू असो की मराठी, पान वरूनच सुरू होतं.

म्हणून मला भिंतीवरून उतरवलं, माझ्या बहिणीलाही उतरवलं, आणि एका हातगाडीवर घालून आम्हा दोघींना सरदारमियांच्या दुकानात नेलं. कितीतरी वर्षांनी आम्ही एकमेकींना पाहिलं. तिच्या उजव्या कोपऱ्याला गंज चढला होता, माझ्या डाव्या. सरदारमियांनी जुना रंग खरवडला तेव्हा जरा दुखलं. पण मग त्यांनी आम्हाला चौकटीसकट फिरवलं. इतकी वर्षं मी आडवी होते, आता उभी झाले. वर बाहेर येणारा टांगा, त्याच्या खाली आत जाणारी बैलगाडी. त्याखाली उर्दू ओळ, आणि तिच्याखाली मराठी: आधी बाहेर, मग आत. अमीनसाहेबांनी दफ्तरात नवा दस्तूर घालून दिला. कुठलीही पाटी भिंतीवर चढण्याआधी एक उर्दू वाचणारा आणि एक मराठी वाचणारा अशा दोघांना बोट ठेवायला बोलवायचं. दोन्ही बोटं एकाच जागी पडली तरच खिळा ठोकायचा.

त्यानंतर तंग दरवाजात भांडणं झालीच नाहीत असं मी म्हणणार नाही. सायकलवाले अजूनही सायकलवालेच आहेत. पण माझ्यावरून भांडण झालं नाही.

आता मी म्हातारी झाले आहे. माझा टांगा फिकटलाय. मध्यंतरी कुणीतरी कुस्त्यांच्या दंगलीचा कागद माझ्या तोंडावरच चिकटवला, आणि तो पावसानं गळून पडेपर्यंत मी आंधळी होते. कावळा बसतो तो बसतोच. मित्रांनो, माझं तुमच्याकडे मोठं मागणं नाही. जाता येता ओल्या फडक्यानं एकदा माझं तोंड पुसा. माझ्यावर जाहिरात चिकटवू नका, माझ्याखाली शेळी बांधू नका. मी दिसले नाही तर घोड्याचा पाय कापतो, हे मी पाहिलं आहे. आणि समोरचा माणूस चुकला असं वाटलं, तर त्याला शिवी देण्याआधी एवढं विचारा, की बाबा, तू कुठल्या बाजूनं वाचलंस?

आणि हो, त्या पाहणीच्या दिवसाचं शेवटचं सांगायचं राहिलंच.

बिल्ला बांधून झाला, गर्दी पांगली. काकासाहेब दमणीजवळ आले. ते अजून जरा ओशाळलेले होते, म्हणून आवाज मोठा करून बोलत होते.

"शाळा चालू ठिव," ते मनकर्णाला म्हणाले. "पर उद्यापासून आपल्या दमणीतून जायचं. संगं गडी देतो. अन् पडदा दुहेरी बांधायचा."

"तेच म्हनते मी," साळूबाई म्हणाल्या. "चल, बस आत. कपाळ बघ कसं सुजलंय."

मनकर्णा आत बसली नाही. दुसरी चप्पल तिनं दमणीतून ओढून काढली, पायात घातली, आणि मग ती दोघांपुढं उभी राहिली. या वेळी तिचा एकही शब्द अडखळला नाही.

"माय, आबा, ऐका. दमणी नको. दांडा नीट झाला की मी पुंजारामकाकांच्याच टांग्यातून जाणार. अन् मागं पडद्यात नाय बसणार, पुढं काकांच्या बाजूला बसणार. पाटी वाचता येणारं माणूस पुढं पाहिजे."